सहस्रकुंडाच्या वाटेवर : ज्येष्ठांची जलयात्रा आणि घरच्यांची तयारी

श्रावण लागतो, पैनगंगेला पाणी येते, आणि नांदेड-लातूरकडच्या घरांत सहस्रकुंडाला जाण्याचा विषय निघतो. गाडी ठरते, डब्यांची वाटणी होते, मुलांचे कपडे भरले जातात. आणि मग कोणीतरी हळूच म्हणते, "आजी-आजोबांचे काय करायचे?" बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते. गुडघे दुखतात, साखर वर-खाली होते, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यापेक्षा ते घरीच बरे.

गेली अनेक वर्षे पावसाळ्याच्या दिवसांत माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे येतात. पहिली प्रवासाच्या आधी येतात आणि सांगतात, "डॉक्टरसाहेब, यांना तुम्हीच सांगा, जाऊ नका म्हणून." दुसरी प्रवासाहून परतल्यावर येतात. कोणाच्या पायाला फोड आलेला असतो, कोणाला दम लागलेला असतो, कोणाचे मनगट मोडलेले असते. या दोन्ही प्रकारच्या कुटुंबांसाठी हा लेख आहे. ज्येष्ठांनी धबधब्याला जावे की नाही, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. मात्र ते उत्तर कसे शोधावे, हे नीट सांगता येते.

नदीची थोडी ओळख

जिथे जायचे ती जागा आधी समजून घेऊ. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते. वाशीम, हिंगोली, यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांच्या सीमा आखत ती पुढे वर्धा नदीला मिळते. वाटेत तिच्यावर इसापूरचे मोठे धरण आहे आणि हिंगोलीकडून येणारी कयाधू तिला मिळते. नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरजवळ काळ्या कातळाच्या कड्यावरून ही नदी अनेक धारांनी खाली कोसळते. तेच आपले सहस्रकुंड. नदीच्या एका काठाला मराठवाडा आहे, तर दुसऱ्या काठाला विदर्भ. काठावर महादेवाचे देऊळ आहे, आणि खडकात पाण्याने कोरलेली असंख्य कुंडे आहेत. प्रवाहात सापडलेले दगडगोटे भोवऱ्यात गरगर फिरून कातळाला भोके पाडतात. निघोजला कुकडीच्या पात्रात दिसणारे रांजणखळगे याच रीतीने घडले आहेत.

नांदेडहून हे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. भोकर, हिमायतनगरमार्गे रस्ता आहे, आणि मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड या नावाचे स्थानकही आहे. लातूरकरांना अहमदपूर, लोहामार्गे आधी नांदेड गाठावे लागते आणि त्यातच सुमारे तीन तास जातात. म्हणजे लातूरच्या ज्येष्ठांसाठी एका दिवसात जाऊन-येऊन होणारी ही सहल नव्हे. नांदेडला रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघणे, हा या सहलीतला पहिला वैद्यकीय सल्ला समजावा.

नावाडी धबधब्याआधी उतरतो

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेला लागून 'बाउंड्री वॉटर्स' नावाचे दहा लाख एकरांहून मोठे अरण्य आहे. तिथे हजाराहून अधिक तळी आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या नद्या व ओढे आहेत. बहुतांश भागात यंत्रावर चालणाऱ्या बोटींना मनाई आहे. लोक 'कॅनू' नावाची अरुंद, हलकी होडी वल्हवत दिवसचे दिवस त्या रानातून प्रवास करतात. वाटेत धबधबे लागतात. पण कोणताही जाणता नावाडी धबधब्याच्या अंगावर होडी घालत नाही. धबधब्याच्या बऱ्याच वर काठावर उतरण्याची जागा ठरलेली असते. तिथे सगळे उतरतात, होडी उलटी करून खांद्यावर घेतात, रानातल्या पायवाटेने धबधब्याला वळसा घालतात आणि खालच्या शांत पाण्यात ती पुन्हा सोडतात. या वाटेला 'पोर्टेज' म्हणतात. तिची लांबी मोजण्याचे एककसुद्धा साडेसोळा फुटांचे, म्हणजे साधारण एका होडीएवढे असते.

पैनगंगेवर अशी आखलेली नौकावाट नाही. आपल्याकडे होडी आहे ती भोई बांधवांच्या मासेमारीची, पैलतीरावर शेताला जाणाऱ्यांची, नाहीतर एखाद्या जलाशयावरच्या फेरफटक्याची. तरीही त्या रानातला हा एक नियम आपल्या फार उपयोगाचा आहे : कुठे उतरायचे, हे पाण्यात शिरण्यापूर्वी ठरवायचे. प्रवाहाने ओढायला सुरुवात केल्यावर तो निर्णय घेता येत नाही. ज्येष्ठांच्या सहलीतही "इथून पुढे जायचे नाही" ही जागा घरून निघतानाच ठरलेली असावी, आणि ती ज्येष्ठांना विचारून ठरवलेली असावी.

कोणी जावे, कोणी थांबावे

वय हा निकष नाही. ऐंशीचे गृहस्थ सहज जाऊन येतात आणि साठीच्या एखाद्या व्यक्तीला मी थांबा म्हणतो. घरच्या घरी करता येण्याजोग्या दोन साध्या चाचण्या सांगतो.

पहिली चाचणी चालण्याची. हातांची खुर्ची घ्या आणि तिच्यापासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा. ज्येष्ठांनी खुर्चीवरून उठावे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जावे, वळावे, परत यावे आणि बसावे. नेहमी काठी लागत असेल तर काठी घ्यावी. याला बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका जास्त आहे असे समजावे. अशा व्यक्तीने जाऊच नये असे नाही. पण ओल्या कातळावर उतरू नये आणि सोबतीला एक माणूस केवळ त्यांच्यासाठी असावा.

दुसरी चाचणी दमाची. सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालता चालता सलग वाक्य बोलता येते का, ते पाहावे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर सहलीआधी आपल्या डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे.

पुढील व्यक्तींनी मात्र यंदा थांबावे : अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेले, आडवे झोपल्यावर दम लागणारे, पायांवर नव्याने सूज आलेले, छातीत दुखण्याचे प्रमाण वाढलेले, पायाला न भरलेली जखम असलेले, आणि ज्यांची साखर वारंवार एकदम खाली जाते असे. पाणी पुढच्या वर्षीही येणार आहे.

महिनाभर आधीची तयारी

सहल ठरली की गाडीच्या आधी पायांची तयारी सुरू करावी. रोज सकाळ-संध्याकाळ, ओट्याला किंवा भक्कम टेबलाला धरून तीन व्यायाम करावेत. खुर्चीवरून उठणे-बसणे आठ ते दहा वेळा. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे दहा वेळा. आणि आधार न सोडता एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, मग दुसऱ्या पायावर. चार-सहा आठवड्यांत मांड्या आणि पोटऱ्या पुष्कळ सुधारतात. याचा लाभ धबधब्यापुरता नाही. न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडणे टाळण्यासाठीही हेच व्यायाम उपयोगी पडतात.

चष्म्याकडेही लक्ष द्या. दूरचे आणि जवळचे अशा दोन्ही नंबरांचा चष्मा घालून पायऱ्या उतरताना नजर खालच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. शक्य असेल तर चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. काठीच्या टोकाचे रबर झिजले असेल तर बदलावे. नवी चप्पल किंवा बूट सहलीच्या दिवशी प्रथम घालू नयेत. आठवडाभर घरात वापरून पाहावेत.

गोळ्या, इन्सुलिन आणि लघवीचा प्रश्न

आता ज्याबद्दल लोक बोलायला लाजतात, ते बोलू. रस्त्यात स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या आजारात दिली जाणारी 'लघवीची गोळी' त्या दिवशी गुपचूप वगळली जाते. याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. पाणी न प्यायल्याने चक्कर येते, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. आणि गोळी वगळल्याने हृदय दुबळे असलेल्या व्यक्तीच्या फुप्फुसांत पाणी साचून रात्री दम लागू शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नये. ती घेण्याची वेळ त्या दिवशी पुढे ढकलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. बहुतेक वेळा मार्ग निघतो. मोठ्यांचा डायपर वापरण्यात कमीपणा नाही. भोकर किंवा हिमायतनगरला कुठे थांबायचे, हे घरच्यांनी आधीच ठरवून ज्येष्ठांना सांगावे. थांबा कुठे आहे हे कळले की माणूस निर्धास्त होऊन पाणी पितो.

मधुमेहींसाठी तीन गोष्टी. गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले की साखर उतरते. हात थरथरणे, घाम फुटणे, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि बरे वाटल्यावर पोळी-भाजी खाऊ घालावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; थेट रुग्णालय गाठावे. दुसरे, इन्सुलिन उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटूनही ठेवू नये; ते गोठले तर निकामी होते. तिसरे, डब्यात काय आहे यापेक्षा डबा किती वाजता उघडणार, हे महत्त्वाचे आहे.

सगळी औषधे दोन दिवसांची जास्त घ्यावीत आणि हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत. एका कागदावर नाव, आजार, औषधे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचा स्पष्ट उल्लेख, आणि घरच्यांचा क्रमांक लिहून तो कागद ज्येष्ठांच्या खिशात ठेवावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर हे विसरू नये. गर्दी आणि पाण्याचा गजर यांमुळे अशी व्यक्ती बावरते, आणि क्षणात दृष्टीआड होते.

प्रवासात दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. बसल्या जागी पावले वर-खाली करत राहावे. तासन्‌तास पाय लोंबकळत राहिले की पोटरीतील शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली व दुखू लागली, तर तिला तेल लावून चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

धबधब्यापाशी

कातळ वरून कोरडा दिसतो, पण तुषारांमुळे त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो. तरुण पाय तिथे सावरतात, वृद्ध पाय सावरत नाहीत. म्हणून धबधबा दुरून, कोरड्या आणि सपाट जागेवरून, बसून पाहावा. एक घडीची खुर्ची सोबत न्यावी. पायऱ्यांचा एक जुना नियम पाठ करून ठेवा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही आणि श्रवणयंत्र पाण्यापासून जपायचे म्हणून काढून ठेवलेले असते. तेव्हा 'थांबा', 'बसायचे आहे', 'बरे वाटत नाही' यांसाठी हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात.

नदीचे पाणी किती वाढेल, हे आपल्या डोक्यावरच्या ढगांवरून कळत नाही. वरच्या भागात पाऊस झाला किंवा इसापूर धरणातून पाणी सोडले, तर इथे ऊन असतानाही प्रवाह वाढू शकतो. प्रशासनाच्या सूचना वाचून, स्थानिकांना विचारूनच काठावर जावे आणि कठड्यापलीकडे कोणीही जाऊ नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर्षासहलीला आलेले ते आपल्यासारखेच लोक होते. पाणी गुडघ्याइतके असले तरी वेग असेल तर ते धडधाकट माणसाला उभे राहू देत नाही.

होडीत बसायचे असेल तर

अनेक ज्येष्ठांना होडीची हौस असते. बालपणी गोदावरी किंवा मांजरा ओलांडताना होडीत बसलेले असतात. ती आठवण असते. वाहत्या, पुराच्या नदीत आणि धबधब्याच्या जवळपास होडीत बसूच नये. जलाशयाच्या संथ पाण्यात, अधिकृत बोटीत, वारा-पाऊस नसताना बसता येते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जण मृत्युमुखी पडले. तेव्हा संथ दिसणारे धरणाचे पाणीही वाऱ्यात फसवे असते, हे ध्यानी ठेवावे. थर्माकोलच्या तराफ्यावर ज्येष्ठांनी बसू नये.

जीवरक्षक जाकीट सर्वांनी घालावे, पोहता येणाऱ्यांनीही. पट्टे आवळल्यावर कोणीतरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते सैल आहे. होडीत चढताना एका वेळी एकाच माणसाने चढावे. दुसऱ्याने होडी धरून ठेवावी. पाऊल मधोमध टाकावे, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धराव्यात आणि लगेच खाली बसावे. वजन जितके खाली, तितकी होडी स्थिर असते. छायाचित्रासाठी उभे राहणे हे होडी उलटण्याचे मोठे कारण आहे. साडीच्या निऱ्या पायात अडकतात आणि भिजल्यावर जड होतात; त्या दिवसापुरता सलवार-कमीज घातला तर बिघडत नाही. नऊवारी असेल तर घट्ट खोचलेली असावी.

होडी उलटलीच तर उलट्या होडीला धरून राहावे. वाहत्या पाण्यात सापडल्यास उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला करावेत. जोरदार प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाऊल दगडांत अडकते. काठावरच्यांनी उडी मारू नये. दोर, बांबू, साडी, रिकामा बंद कॅन, जे हाती लागेल ते फेकावे. बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर उलटे धरून गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे, हे जुने उपाय घातक आहेत. श्वास चालू नसेल तर प्रशिक्षित व्यक्तीने लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छातीवर दाब सुरू करावा. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच. श्वासाचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

एका आजींची गोष्ट

माझ्या एका बाहत्तर वर्षांच्या रुग्ण. त्यांची ओळख पटेल असे काही सांगत नाही. हृदयाचे ठोके अनियमित, रक्त पातळ करणारी गोळी चालू, गुडघे झिजलेले. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासू-सासऱ्यांबरोबर रेल्वेने त्या सहस्रकुंडाला गेल्या होत्या. आता पुन्हा एकदा जायचे, असा त्यांनी ध्यास घेतला. मुलगा म्हणे, "आई, काही झाले तर मी जगाला काय तोंड दाखवू?" लेक म्हणे, "दादा, तिला घरात बसवून तरी काय होणार आहे?" दोघेही आईच्या काळजीपोटीच बोलत होते, आणि ती गप्प बसून ऐकत होती.

मी आधी आजींनाच विचारले, "तुम्हाला तिथे नेमके काय करायचे आहे?" त्या म्हणाल्या, "पाण्याचा आवाज ऐकायचा आहे आणि महादेवाला नमस्कार करायचा आहे." धबधब्याखाली उभे राहायचे किंवा कातळावर उतरायचे त्यांच्या मनात कधीच नव्हते. घरच्यांना भीती होती त्या गोष्टी त्यांनी मागितल्याच नव्हत्या. मग आम्ही दीड महिना घेतला. खुर्चीचे व्यायाम झाले, रक्ताची तपासणी झाली, काठीचे रबर बदलले. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे डोक्याला साधा मार लागला तरी रुग्णालयात न्यायचे, हे मुलाला दोनदा समजावले. शेवटच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, हे आजींनीच ठरवले.

त्या गेल्या. नातवाने घडीची खुर्ची लावली. तासभर त्या बसून राहिल्या. देवळापाशी पायऱ्या ओल्या दिसल्या तेव्हा त्यांनी तिथूनच हात जोडले आणि आपणहून मागे वळल्या. परत आल्यावर मुलगा मला म्हणाला, "मीच उगाच घाबरलो होतो." मी त्याला सांगितले की, घाबरला नसता तर एवढी तयारी झाली नसती. पुढच्याच वर्षी आजींचे गुडघे आणखी बिघडले आणि त्यांचे फिरणे घरापुरते उरले. असे निर्णय पुढे ढकलत राहण्याचीही एक किंमत असते, ती कुटुंबांनी विचारात घ्यावी.

उनकेश्वरचे गरम पाणी आणि बधिर पाय

सहस्रकुंडाला गेलेले लोक पुष्कळदा माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला आणि किनवट तालुक्यातील उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या झऱ्याला जातात. माहूरच्या चढणीसाठी वरचे पायऱ्यांचे नियम लागू आहेत. उपाशीपोटी दर्शनाचा संकल्प मधुमेहींनी करू नये. उनकेश्वरला त्वचाविकार असलेले लोक श्रद्धेने स्नान करतात. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. पण दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. पाणी पोळते आहे हे त्यांना कळत नाही, आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. अशांनी गरम पाण्यात पाय बुडवू नयेत. स्नान करायचेच असेल तर आधी सोबतच्या व्यक्तीने कोपर बुडवून पाणी पाहावे आणि ते कोमट करून तांब्याने अंगावर घ्यावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी गरम पाण्यातून एकदम उठू नये; चक्कर येते. हृदयरोग्यांनी फार वेळ बसू नये.

परत आल्यावर रात्री दोन्ही तळपाय, बोटांच्या फटी आणि टाचा उजेडात पाहाव्यात. ज्येष्ठांना वाकता येत नसेल तर हे काम घरच्यांनी करावे. जखम असताना पावसाळी पाण्यात पाय गेले आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, तीव्र अंगदुखी, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना "आम्ही पाण्यात गेलो होतो" हे आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो.

परदेशी मुलांकडे गेल्यावर

आपल्याकडची पुष्कळ मुले आता अमेरिका-कॅनडात आहेत. उन्हाळ्यात आई-वडील तिकडे गेले की एखाद्या शनिवारी कॅनूची सहल निघते. तिथे शिस्त असते, जाकिटे असतात. पण पाणी थंड असते. थंड पाण्यात अचानक पडल्यास धाप लागते, नाडी व रक्तदाब एकदम वाढतात, आणि हे हृदयरोग्याला झेपत नाही. तेव्हा जाकीट बोटीत ठेवून चालत नाही. ते अंगातच हवे. तळ्याचे पाणी आरशासारखे स्वच्छ दिसले तरी उकळल्याशिवाय किंवा गाळून शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. त्यात जिआर्डियासारखे जंतू असू शकतात. रानात रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो, म्हणून ज्येष्ठांनी तासाभराच्या, काठालगतच्या फेरीत समाधान मानावे आणि पोर्टेजची वाट तरुणांसाठी सोडावी.

तातडीची वेळ आल्यास

ही पाच लक्षणे दिसली की सहल तिथेच थांबवावी : छातीत दडपण, बसूनही न थांबणारा दम, तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे किंवा बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार. मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो; नुसता घाम, मळमळ आणि अकारण थकवा असला तरी तो गांभीर्याने घ्यावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. मात्र पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. कुठे संपर्क मिळतो आणि जवळचे शासकीय रुग्णालय कुठे आहे, हे जातानाच पाहून ठेवावे. साप चावल्यास चिरा देणे, आवळून बांधणे, मंत्र-तंत्र यांत वेळ घालवू नये. चावलेला भाग न हलवता रुग्णालय गाठावे.

जे जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी

काही ज्येष्ठांना आता प्रवास शक्य नाही. त्यांना घरी ठेवून जाताना "तुम्हाला काय तिकडचे" असे म्हणू नये. जाण्यापूर्वी त्यांना विचारावे की त्यांनी नदी कधी पाहिली, तेव्हा सोबत कोण होते, शिदोरीत काय होते. मागे त्यांच्याजवळ राहणारी व्यक्ती निश्चित करावी आणि गोळ्यांच्या वेळा तिला लिहून द्याव्यात. पाण्याचा आवाज मोबाइलवर टिपून आणावा आणि संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून ऐकवावा. अंथरुणावरच्या माणसाला आपण अजून घराच्या आनंदात धरलेले आहोत, एवढे कळले तरी त्याची भूक आणि झोप सुधारलेली मी पाहिली आहे.

सहल ठरवण्याआधी एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ज्येष्ठांना घेऊन जा. चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या आणि "जाऊ का?" या प्रश्नाबरोबर "कसे जाऊ?" हेही विचारा. अश्विनापर्यंत पैनगंगेला पाणी असते. तयारीला अजून वेळ आहे.